अकोल्याहून नगरला जाणारी वाट आणि पदवीचे चौथे वर्ष

बारावीचा निकाल लागला की अकोले तालुक्यातील घराघरांत पावसाच्या चिंतेबरोबर आणखी एक चिंता सुरू होते. मुलाला किंवा मुलीला पुढे पाठवायचे कोठे? अकोल्यातच ठेवायचे, एस.टी.चा पास काढून रोज संगमनेरला जाऊ द्यायचे, की नगर, नाशिक, पुणे येथे वसतिगृह शोधायचे? भाताची रोपे टाकण्याचे दिवस तोंडावर आलेले असतात, हाती पैसा नसतो आणि नेमक्या त्याच आठवड्यांत प्रवेशाच्या मुदती येऊन ठेपतात. हा प्रश्न नवा नाही. आपल्या आजोबांच्या पिढीनेही तो सोसला आहे. परंतु २०२४ साली राज्यातील संलग्न महाविद्यालयांत नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा आराखडा बदलला आणि या जुन्या प्रश्नाला नवे टोक आले. त्याचा विचार करताना आपल्या जिल्ह्यातील सर्वांत जुन्या महाविद्यालयाचा इतिहास समोर ठेवणे आम्हांस उपयुक्त वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभी प्रवरेच्या खोऱ्यातील एखाद्या हुशार मुलाला पदवी घ्यावयाची असेल तर त्याला मुंबई किंवा पुणे गाठावे लागे. मुंबईत विल्सन, एल्फिन्स्टन, सेंट झेवियर्स होती. पुण्यात डेक्कन आणि १८८५ साली स्थापन झालेले फर्ग्युसन होते. १९२४ साली गोखले एज्युकेशन सोसायटीने नाशिकमध्ये महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे एच.पी.टी. या नावाने ओळखले जाऊ लागले. घाटाखालच्या शाळांतून वर आलेल्या थोड्या मुलांना हे त्यातल्या त्यात जवळचे दार होते. नगर शहरात मात्र मिशनच्या शाळा होत्या, पण महाविद्यालय नव्हते. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले आणि सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळेमुळे हे शहर शिक्षणाच्या इतिहासात पोहोचले. तरीही पदवीच्या शिक्षणासाठी शहराला त्यानंतर शतकाहून अधिक काळ थांबावे लागले.

ते दार उघडले २० जून १९४७ रोजी. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे या मराठी ख्रिस्ती शिक्षणतज्ज्ञांनी अहमदनगर महाविद्यालयाची स्थापना केली, तेव्हा स्वातंत्र्य दोन महिन्यांवर आले होते. पुणे विद्यापीठ अद्याप अस्तित्वात यावयाचे होते. त्याचे कामकाज १९४९ साली सुरू झाले. जिल्ह्यातील हे पहिले महाविद्यालय. त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले. परस्परांशी संबंध नसलेल्या या दोन घटना, पण त्यांमागची जाणीव एकच होती. स्वतंत्र होणाऱ्या देशातील खेड्यांतल्या मुलांनी पदवीसाठी महानगरांच्या दारात उभे राहावयाचे नसेल, तर महाविद्यालयांनी जिल्ह्यांत यावयास हवे.

अहमदनगर महाविद्यालयाचे ब्रीदवाक्य लॅटिन भाषेत आहे आणि ते संत मार्कच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायाच्या आधारे घेतलेले आहे. आपली सेवा व्हावी म्हणून नव्हे, तर आपण सेवा करावी म्हणून, असा त्याचा आशय. अशी वाक्ये प्रवेशद्वारावर कोरणे सोपे असते. येथे मात्र ते अभ्यासक्रमात उतरविण्याचा प्रयत्न झाला, हे नोंदविले पाहिजे. १९६० च्या दशकात डॉ. एस. के. हुलबे यांच्या पुढाकाराने महाविद्यालयाच्या परिसरात ग्रामीण जीवनाच्या अभ्यासाचा व विकासाचा प्रकल्प उभा राहिला. त्यातूनच ग्रामीण विकास अध्ययन केंद्र म्हणजे सी.एस.आर.डी. ही समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था आकारास आली. राष्ट्रीय सेवा योजना देशात सुरू झाली ती १९६९ साली. शहरातील एका महाविद्यालयाने दुष्काळी जिल्ह्यातील गावांना अभ्यासाचा विषय मानावे आणि विद्यार्थ्यांना तेथे पाठवावे, ही त्या काळी सर्वमान्य गोष्ट नव्हती. कला, विज्ञान, वाणिज्य या तीन शाखा, पदव्युत्तर विभाग, समाजकार्य आणि पुढे व्यवस्थापन असा विस्तार होत गेला, आणि आज ही संस्था ऐंशी वर्षांच्या उंबरठ्यावर आहे. शहराचे आणि जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले; जुने विद्यार्थी मात्र अजूनही 'नगर कॉलेज' एवढेच म्हणतात.

महाविद्यालयाच्या शैक्षणिक कर्तृत्वाचे मोजमाप नामांकित माजी विद्यार्थ्यांच्या यादीवरून करण्याची पद्धत आहे. आम्हांस ती अपुरी वाटते. जिल्ह्याच्या महाविद्यालयाचे खरे मोजमाप म्हणजे जिल्ह्याच्या शेवटच्या टोकावरील मूल तेथे पोहोचले काय आणि टिकले काय. नगर जिल्ह्यात हे टोक म्हणजे अकोले. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी असलेली वाडी आणि नगर शहर यांत शंभराहून अधिक किलोमीटरचे अंतर आहे. महादेव कोळी, ठाकर आणि इतर कष्टकरी समाजांची ही वस्ती. पाऊस येथे कोसळतो, पण तो थांबत नाही.

या न थांबणाऱ्या पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण शिक्षणाचा इतिहास त्याच्याशी जोडलेला आहे. प्रवरा रतनगडावर उगम पावते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि त्या पाण्याने खालच्या भागातील कालव्यांच्या काठी ऊस उभा राहिला. १९५० साली लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना सुरू झाला. कारखान्यांमागोमाग शाळा, वसतिगृहे, महाविद्यालये आली. अकोल्याच्या डोंगरात पडलेल्या पावसाने खालच्या तालुक्यांत पदवीधर घडविले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. आणि ज्या वाड्यांच्या जमिनी जलाशयांखाली गेल्या, त्यांची मुले त्याच खालच्या तालुक्यांत ऊसतोडीला किंवा, नशीब उघडले तर, शिकायला गेली. निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण ऑक्टोबर २०२३ मध्ये झाले. ते पाणीही मुख्यतः खालच्या दुष्काळी पट्ट्यासाठी आहे. त्या पट्ट्याला पाण्याची गरज होती, याबद्दल वाद नाही. परंतु हिशेब मांडताना वरच्या तालुक्याची बाजूही मांडावी लागते.

उच्च शिक्षण वर सरकत आले ते टप्प्याटप्प्याने. १९६१ साली संगमनेरला महाविद्यालय निघाले आणि अकोल्याच्या मुलांचे अंतर एकदम वीस-पंचवीस किलोमीटरवर आले. पुढे अकोल्यात अगस्ती महाविद्यालय उभे राहिले. प्रवरेच्या काठी ज्यांचा आश्रम सांगितला जातो त्या अगस्ती ऋषींचे नाव संस्थेला आणि आंबेडकरी चळवळीतील या मातीतले नेते दादासाहेब रूपवते यांचे नाव तिच्या विज्ञान शाखेला आहे. एकाच फलकावरील ही दोन नावे तालुक्याचा अर्धा सामाजिक इतिहास सांगून जातात. राजूरलाही पदवीची सोय झाली. मुलींच्या दृष्टीने या महाविद्यालयांचे मोल शब्दांत सांगता येणार नाही. ज्या घरातून मुलीला नगरला पाठविण्याचा विचारही झाला नसता, त्या घरातील मुलगी सकाळी घरून निघून संध्याकाळी घरी परतते आणि तीन वर्षांत पदवीधर होते. याला लहान गोष्ट समजू नये.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही शहर आणि खेडे यांची हीच दुहेरी वाट दिसते. ज्या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी १८६९ साली मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालय स्थापन केले, त्यांच्याच मिशनचे धर्मगुरू १८७८ च्या सुमारास नगर जिल्ह्यात केंदळ-वळणच्या परिसरात दुष्काळाने मोडलेल्या माणसांमध्ये येऊन राहिले. एका हाताने इंग्रजी राजवटीतील एका मोठ्या शहरात महाविद्यालय आणि दुसऱ्या हाताने झोपडीतील मराठी शाळा. संगमनेरचे ज्ञानमाता विद्यालय याच दुसऱ्या हाताचे काम. पण ही दोन कामे एकमेकांना फारशी भेटली नाहीत, हे प्रांजळपणे मान्य करावयास हवे. मुंबईचे महाविद्यालय इंग्रजीत शिकवीत होते आणि आपली खेड्यांतील शाळा मराठीत. मधला पूल बांधण्याचे काम नगरमध्ये एका मराठी प्रोटेस्टंट बांधवाने केले आणि त्याचा लाभ कॅथलिक कुटुंबांनाही झाला. या ऋणाचा उल्लेख आपल्या पत्रकांतून क्वचितच होतो, म्हणून तो येथे करीत आहोत.

सेंट झेवियर्सच्या इतिहासातून मात्र आजच्या चर्चेसाठी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. फादर ब्लॅटर यांनी तेथे वनस्पतींचा संग्रह उभा केला. आजही तो त्यांच्या नावाने अभ्यासकांना खुला आहे. फादर हेरास यांनी १९२६ साली इतिहास संशोधनाची संस्था उभारली. फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींचा अभ्यास केला, पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे ते संचालक झाले आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या तिघांत समान काय होते? ते एका ठिकाणी वर्षानुवर्षे राहिले. त्यांना दर जूनमध्ये नव्या नेमणुकीसाठी अर्ज करावा लागला नाही. त्या महाविद्यालयाला २०१० साली स्वायत्तता मिळाली. त्यामागे दीर्घकाळ टिकलेल्या शिक्षकांची ही परंपरा होती, असे आमचे मत आहे.

आता नव्या धोरणाकडे वळू. महाराष्ट्रात ते २०२३ साली स्वायत्त महाविद्यालयांत आणि विद्यापीठांच्या विभागांत, तर २०२४ साली संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षापासून लागू झाले. विद्यार्थ्याने एक मुख्य विषय घ्यावयाचा, जोडीला गौण विषय, दुसऱ्या शाखेतील खुला विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानपरंपरा, क्षेत्रकार्य, प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण. सारे श्रेयांकांत मोजले जाते. पहिल्या वर्षाचे चव्वेचाळीस श्रेयांक मिळवून विद्यार्थी थांबला तर प्रमाणपत्र, अठ्ठ्याऐंशी झाले तर पदविका, एकशे बत्तीस झाले तर पदवी आणि चौथ्या वर्षाअखेर एकशे शहात्तर झाले तर ऑनर्स पदवी. प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडावयाचे असेल तर कौशल्याचे काही जादा श्रेयांक पूर्ण करावे लागतात. चार वर्षांनंतर एका वर्षात पदव्युत्तर पदवी मिळेल, तीन वर्षांनंतर पूर्वीप्रमाणेच दोन वर्षे लागतील. म्हणजे एकूण काळ तोच. चौथे वर्ष न करणाऱ्याचे सर्वच नुकसान होते, असा जो समज काही पालकांत पसरला आहे, तो बरोबर नाही. तीन वर्षांची पदवी ही पूर्ण पदवीच आहे.

मग आमची काळजी कशाबद्दल? पहिली काळजी मधल्या दारांची. आजवर पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडणाऱ्या मुलाला 'शिक्षण अर्धवट राहिले' असे म्हणत असत आणि त्या शब्दांतील बोचणीमुळे आईवडील, शिक्षक, धर्मगुरू कोणी ना कोणी त्याला परत पाठविण्यासाठी धडपडत असे. आता त्याच्या हातात प्रमाणपत्र असेल. शहरातील सुस्थितीतील मुलाला ही सवलत आहे; तो एक वर्ष थांबेल आणि परत येईल. ज्या घरात धाकट्या भावंडांची फी भरावयाची आहे, तेथून एकदा बाहेर पडलेले मूल परत येईल काय? एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत किंवा चाकणला त्याला जे काम मिळेल, ते बारावीवरही मिळाले असते.

दुसरी काळजी अधिक गंभीर. संशोधनासह ऑनर्स पदवी देण्यासाठी त्या विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शन करण्यास पात्र असे किमान दोन कायम प्राध्यापक असावेत, अशी विद्यापीठ अनुदान आयोगाची अपेक्षा आहे. अपेक्षा रास्त आहे. पण तालुक्याच्या महाविद्यालयांत आज काही विभागांचा सारा डोलारा तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या खांद्यांवर उभा आहे, हे प्रत्येक पालकाला दिसते. २०२० साली कोविडच्या काळात राज्य शासनाने नव्या नेमणुका थांबविल्या. २०२१ साली २,०८८ सहायक प्राध्यापकांची पदे भरण्यास मान्यता मिळाली. तरी निवृत्त होणाऱ्यांची जागा आणि भरतीचा वेग यांचा मेळ बसलेला नाही. तासिकेवरील अध्यापकाला जितके तास तितके मानधन, सुट्टीच्या महिन्यांत काहीच नाही. त्यांच्यापैकी अनेकजण उत्तम शिकवितात. नेट, सेट, पीएच.डी. झालेले, दोन-दोन महाविद्यालयांत तास घेऊन दुचाकीवर घाट चढणारे हे तरुण आहेत. परंतु नियमाच्या भाषेत ते 'कायम' नाहीत, म्हणून त्यांच्या विभागाला संशोधनाचे चौथे वर्ष मिळणार नाही.

परिणाम कोणता, तो पाण्यासारखाच आहे. तीन वर्षे अकोल्यात आणि चौथे वर्ष, ज्याला परवडेल त्याला, खाली शहरात. २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत पंच्याहत्तर टक्के गुण मिळविणाऱ्याला थेट पीएच.डी.कडे जाता येते. उद्याचे प्राध्यापक बहुधा याच वाटेने येतील. त्या वाटेचे पहिले पाऊल तालुक्यात टाकता येत नसेल, तर वीस वर्षांनी अकोल्याच्या वर्गात शिकविणारा माणूस अकोल्याचा नसेल.

येथे आपल्या समाजाचा एक वेगळा प्रश्न पुढे येतो आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नगर, संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी या भागांतील आपली अनेक कुटुंबे पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेली आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता होता. १९५६ साली तो शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्यांना मिळाला नाही. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गीयांत होते. आदिवासी ख्रिस्ती बांधवांचा अनुसूचित जमातीचा दर्जा मात्र कायम राहतो. याचा अर्थ असा की एकाच गावातील, एकाच आडनावाच्या दोन घरांतील मुली एकाच वर्गात बसतात, पण शिष्यवृत्ती, शासकीय वसतिगृह आणि निर्वाह भत्ता यांबाबत त्यांची दारे वेगळी असतात. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अल्पसंख्याक संशोधकांसाठीची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती बंद झाल्याचे जाहीर झाले. एकीकडे संशोधनाची वाट लांबली आणि दुसरीकडे त्या वाटेवरचा शिधा काढून घेतला गेला.

अकोल्यातील आदिवासी विद्यार्थ्यांसाठी राजूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची वसतिगृहे आहेत. शहरात शिकताना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर निवास-भोजनाचा खर्च देणारी स्वयंम् योजना आहे. विद्यापीठाची कमवा व शिका योजना सर्वांसाठी आहे. आपल्या समाजातील इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यासाठी यांपैकी थोडेच उरते आणि म्हणून त्याच्यासाठी चौथे वर्ष म्हणजे शहरातील भाड्याच्या खोलीचा प्रश्न ठरतो. धर्मप्रांतातील संस्थांची वसतिगृहे बहुतांशी शालेय मुलांसाठी बांधली गेली, कारण त्या काळी शाळा गाठणे हेच आव्हान होते. त्यांतील काही खोल्या आता महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी, विशेषतः मुलींसाठी, ठेवता येतील काय? नगर आणि नाशिक या दोन शहरांत जरी हे झाले तरी मोठा फरक पडेल, असे आम्हांस वाटते.

नव्या आराखड्यात स्वागत करण्याजोगे काही नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. क्षेत्रकार्याला आणि स्थानिक ज्ञानाला त्यात प्रथमच गुण मिळतात. कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता देशी बियाण्यांचा जो संग्रह केला, त्यासाठी त्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. भारतीय ज्ञानपरंपरेचा तास घ्यावयाचा असेल तर अकोल्याच्या महाविद्यालयांना फार दूर जावे लागणार नाही. कोणत्या वालाला पाणी किती लागते, वरईचे कोणते वाण डोंगरउतारावर तग धरते, हे श्रेयांकाचे विषय होऊ शकतात. साठ वर्षांपूर्वी नगरच्या महाविद्यालयाने खेड्याला वर्गात आणण्याचा जो प्रयत्न केला, तोच आता नियमाने शक्य झाला आहे. शिकविणारा माणूस तेवढा टिकला पाहिजे.

पालकांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. प्रवेश घेण्यापूर्वी तीन प्रश्न महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन विचारावेत. मुलीला जो मुख्य विषय घ्यावयाचा आहे, त्या विभागात कायम प्राध्यापक किती आहेत? त्या विषयाचे चौथे वर्ष येथेच होणार आहे काय? नसेल तर तिचे श्रेयांक कोणत्या महाविद्यालयात नेता येतील? श्रेयांकांची नोंद शैक्षणिक श्रेयांक पेढीत विद्यार्थ्याच्या नावे होते. ते खाते उघडले आहे की नाही आणि त्यावरील नाव बारावीच्या गुणपत्रिकेशी जुळते की नाही, हे पहिल्याच वर्षी पाहून घ्यावे. आपल्याकडे बाप्तिस्म्याचे नाव, शाळेतील नाव आणि आधारवरील नाव यांचा मेळ नसणे ही जुनी डोकेदुखी आहे.

जून २०२४ मध्ये पहिल्या वर्षाला बसलेली मुले २०२७ च्या उन्हाळ्यात तिसरे वर्ष पूर्ण करतील. संलग्न महाविद्यालयांतील ही पहिलीच तुकडी, जिला पदवी घेऊन थांबावयाचे की चौथ्या वर्षाला जावयाचे, हे ठरवावे लागेल. नगर आणि नाशिक जिल्ह्यांत कोणत्या महाविद्यालयात कोणत्या विषयाचे चौथे वर्ष सुरू होणार, याची यादी प्रत्येक धर्मग्रामाच्या सूचनाफलकावर त्या वर्षीच्या पास्कापूर्वी लागलेली असावी.